शनिवार, रविवार आणि चतुर्थी



आपली मुले सहावी-सातवीत गेली की कधीतरी शाळेतून एक तक्ता घरी आणतात. डावीकडे जगातील प्रमुख धर्मांची नावे आणि वर संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ, सण असे रकाने. ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, बौद्ध यांच्या ओळी भराभर भरून होतात. हिंदू धर्माच्या ओळीत मात्र 'संस्थापक' या रकान्यापाशी पेन्सिल अडते, 'ग्रंथ' या रकान्यात जागा पुरत नाही, आणि 'देव' या रकान्यात एक लिहावा की तेहतीस कोटी यावरून आई-बाबांतच वाद सुरू होतो. शेवटी स्वयंपाकाची वेळ झालेली असते म्हणून आपण एक वाक्य सांगून मोकळे होतो, "अरे बाळा, सगळे धर्म सारखेच. रस्ते वेगळे, पोचायचे एकाच ठिकाणी."

हे वाक्य आपण चांगल्या मनाने बोलतो. शेजाऱ्याला दुखवायचे नसते म्हणून बोलतो. तरी मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. पुण्यात ससूनच्या वॉर्डात आम्ही एम.बी.बी.एस.ची मुले-मुली रांगेत उभी असायचो, तेव्हा "पेशंटला ताप आहे" एवढे सांगून सुटका होत नसे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, क्षयाचाही असतो. थर्मामीटरला तिन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र तिन्हींचे निराळे. धर्मांचेही तसेच आहे. (धर्माला आजार म्हणते आहे असे कृपा करून कुणी समजू नये!) प्रार्थना, उपवास, दान, यात्रा ही बाह्य लक्षणे बहुतेक धर्मांत आढळतात. माणूस ती का करतो असे विचारले, की त्या धर्माचे मूळ, त्याची श्रद्धा आणि त्याचा आचार हे तिन्ही एका धाग्यात दिसू लागतात.

सगळे रकाने एका लेखात मावायचे नाहीत. म्हणून मी शाळेच्या तक्त्यात नसलेला एक साधाच रकाना घेते. तो म्हणजे वार. कोणत्या धर्माने आठवड्यातला कोणता दिवस देवाचा मानला, आणि का?

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. पिस्कॅटवे वसले १६६६ साली. न्यू इंग्लंडमधल्या पिस्कॅटक्वा नदीच्या प्रदेशातून आलेल्या लोकांनी ते वसवले, आणि त्यांत बाप्टिस्ट आणि क्वेकर पंथाची माणसे होती. उत्तरेकडच्या प्युरिटन राजवटीत त्यांना मोकळेपणाने आपला धर्म पाळता येत नव्हता. म्हणजे आपण इथे येण्यापूर्वी तीनशेहून अधिक वर्षे हे गाव परधर्मी नव्हे, तर स्वधर्मीयांनीच नकोसे केलेल्या लोकांचे आश्रयस्थान होते. १६८९ मध्ये इथे बाप्टिस्टांची मंडळी स्थापन झाली. (मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना 'मंडळी'च म्हणतात. आपल्या 'मंडळा'चे हे जुने भावंड.)

या मंडळीत एडमंड डनहॅम नावाचे गृहस्थ होते. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी बॉनहॅम नावाच्या माणसाला रविवारी काम करताना पाहिले आणि हटकले. त्या माणसाने उलट विचारले, "रविवार पवित्र आहे असे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे ते दाखवा." डनहॅम घरी जाऊन शोधू लागले. त्यांना सातव्या दिवसाची, म्हणजे शनिवारची आज्ञा सापडली, रविवारची सापडेना. मग त्यांनी स्वतःच शनिवार पाळायला सुरुवात केली आणि १७०५ मध्ये पिस्कॅटवेत 'सेव्हंथ डे बाप्टिस्ट' मंडळी निराळी झाली. शेजारी तेच, बायबल तेच, येशूही तोच, फक्त वार वेगळा. तेवढ्यावरून एका मंडळीच्या दोन झाल्या. 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्याने ही गोष्ट जरूर वाचावी.

आता शनिवारची ती आज्ञा कुठली? ती ज्यूंची. तोरामध्ये ती दोनदा येते आणि गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणी कारण वेगळे दिले आहे. एके ठिकाणी सांगितले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. दुसऱ्या ठिकाणी सांगितले आहे की तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होता, हे विसरू नका; म्हणून तुमचा चाकर, तुमची दासी, तुमचा बैलसुद्धा या दिवशी तुमच्यासारखाच विसावा घेईल. या दुसऱ्या कारणाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. शनिवारी सकाळी हायलंड पार्कमधून गाडी नेताना सहकुटुंब पायी चाललेले लोक आपण पाहतो. ते व्यायामासाठी चालत नसतात. गाडीचे इंजिन चालवणे म्हणजे अग्नी पेटवणे, आणि ते शब्बाथच्या दिवशी वर्ज्य कामांत मोडते, म्हणून ते चालतात.

या शनिवारची आपल्या मराठी माणसाला फार जुनी ओळख आहे. अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत तिथल्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचा घाणा चालवला. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा जवळजवळ विसरली गेली, बोली मराठी झाली, आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर अशी गावांवरून पडली. पण शनिवारी घाणा बंद! म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. शेजारचे हिंदू तेली शंकराच्या वारी घाणा थांबवत, ते 'सोमवार तेली'. गावाला दोन्हींचा हिशेब ठाऊक होता आणि दोघांचेही तेल दिव्यात जळत होते.

त्यांनी जपले तरी किती थोडके! शनिवार, आठव्या दिवसाची सुंता, 'शेमा' ही प्रार्थना, खवले नसलेला मासा न खाणे आणि आणखी काही नियम. एवढ्या शिदोरीवर ते शतकानुशतके ज्यू राहिले. त्याच वेळी त्यांनी कोकणातून घेतलेही भरपूर. मंगलप्रसंगी किंवा नवस फेडताना ते एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. गोड पोहे, ओले खोबरे, फळे आणि सुगंधी फुले अशी त्याची मांडणी पाहिली तर आपल्या घरच्या प्रसादाचीच आठवण होईल. १८८० च्या सुमारास त्यांनी मराठीत कीर्तनेही सुरू केली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावली. पुढे इस्राएलमध्ये गेल्यावर तिथल्या काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, तेव्हा त्यांना झगडावे लागले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचे मान्य केले. परदेशात मूठभर संस्कारांवर मुलांना वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या लोकांचा अभ्यास करायला हवा असे मला फार वाटते.

रविवारचे मूळ अगदी वेगळे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूला शुक्रवारी क्रूसावर दिले आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी तो पुन्हा उठला. तो पहिला दिवस रविवार. म्हणजे रविवार हा मुळात थकव्याचा विसावा नव्हे. मृत्यूवर मिळवलेल्या विजयाचा दर आठवड्याचा उत्सव आहे. रविवारची सुट्टी नंतर आली, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली तसा हुकूम काढला तेव्हा. रविवारी पॅरामसच्या मॉलला जाऊन हात हलवत परत आलेली मंडळी आपल्यात असतीलच. बर्गन काउंटीतला तो रविवारचा कायदा त्याच परंपरेतला.

ख्रिस्ती धर्म मराठीत आला तो गोव्यातून, आणि दुर्दैवाने तलवारीच्या सावलीत. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली, हे विसरून चालणार नाही. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री तिथे आला. नवख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांची ओढ लागली आहे हे त्याने ओळखले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये ते राशोलला रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला शब्द वापरला आहे वैकुंठ! आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरात रविवारला आजही कोकणीत 'आयतार' म्हणतात, म्हणजे आपला आदित्यवार. शब्द सूर्याचा, भाव पुनरुत्थानाचा. शब्द सारखा म्हणून श्रद्धा सारखी ठरत नाही. पण आपल्याच शब्दात दुसऱ्याची श्रद्धा मावू शकते, हे मला त्यात मोलाचे वाटते.

शुक्रवारबद्दल आपल्यात सर्वांत जास्त गैरसमज. आपण म्हणतो, "त्यांचा शुक्रवार म्हणजे आपला रविवार." तसे नाही. इस्लाममध्ये शुक्रवार हा सामुदायिक नमाजाचा दिवस आहे, विसाव्याचा नव्हे. अजान झाली की व्यापार थांबवून या आणि नमाज संपली की पुन्हा आपापल्या उद्योगाला लागा, असे कुराण सांगते. सृष्टी घडवून ईश्वराला थकवा आला नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. ईश्वर सर्वशक्तिमान, मग त्याला विसावा कशाला? म्हणून होज लेनवरच्या मशिदीपाशी शुक्रवारी दुपारी गाड्यांची गर्दी होते आणि तासाभराने ती सगळी माणसे कामावर परत गेलेली असतात. एका विसाव्याच्या प्रश्नावर ज्यू आणि मुसलमान यांची ईश्वराची कल्पना कशी वेगळी होते पाहा. आणि दोघांचाही मूळ पुरुष अब्राहाम!

मराठीत इस्लामशी संवादाचे उदाहरण हवे असेल तर श्रीगोंद्याला जावे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या या गावी शेख महंमद झाले. सूफी परंपरेतला हा माणूस 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहितो आणि वारकरी त्यांना आपल्या संतमालिकेत बसवतात. नाव न बदलता.

आता थोडे माझ्या कामाकडे वळते, कारण धर्माची खरी तुलना मला पुस्तकापेक्षा रुग्णाच्या उशाशी जास्त समजली. ज्यूंचे शनिवारचे नियम कडक, पण जीव वाचवायचा असेल तर ते मोडण्याची नुसती मुभा नाही, ती आज्ञाच आहे. कट्टर ज्यू डॉक्टर शनिवारी इमर्जन्सीला गाडी काढून येतो. येशूने शब्बाथच्या दिवशी रोगी बरे केले आणि त्यावरून वाद ओढवून घेतला, ही गोष्ट ख्रिस्ती लोक रविवारच्या प्रवचनात ऐकतात. रमझानचे रोजे आजारी माणसाला माफ आहेत. बरा झाल्यावर तेवढे दिवस भरून काढायचे, आणि ते शक्यच नसेल तर गरिबाला जेवू घालायचे. इन्सुलिन घेणारे माझे मुसलमान रुग्ण रमझानच्या आधी विचारायला येतात आणि आम्ही मिळून औषधांच्या वेळा ठरवतो. आपल्याकडे आपद्धर्म आहे. शिवाय आपला उपवास इतका लवचिक, की एकादशीच्या दुसऱ्या दिवशी साखर तपासली तर साबुदाण्याच्या खिचडीचे प्रताप कागदावर दिसतात! संकष्टीला औषधाची गोळी घेतली तर उपास मोडतो का, असे विचारणाऱ्या काकू मला दर महिन्याला भेटतात. मोडत नाही, काकू. घ्या.

हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, शेवटी सगळे सारखेच निघाले." थांबा. जेहोवाज विटनेसेस हेही बायबलच वाचणारे लोक. पण रक्त घेऊ नये अशी आज्ञा ते इतकी निष्ठेने पाळतात, की जीव जाईल असे सांगितले तरी सज्ञान रुग्ण रक्ताची बाटली नाकारतो. तिथे 'सगळे धर्म जीव वाचवायलाच सांगतात' असे गृहीत धरणारा डॉक्टर त्या माणसाचा अपमान करतो. आधी विचारावे लागते. मृत्यूनंतरही तसेच. ज्यू आणि मुसलमान कुटुंबांना दफनाची घाई असते आणि शवविच्छेदन नको असते, कारण देह ईश्वराची ठेव आहे आणि तो पुन्हा उठायचा आहे. आपल्याला आत्मा निघून गेलेला देह लवकर अग्नीला द्यायचा असतो. घाई तिघांनाही, कारणे दोन टोकांची. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती १९६३ मध्ये, आणि तीही पुनरुत्थानाची श्रद्धा कायम ठेवून.

पारशांचे तर आमच्या औषधानेच नुकसान केले. मुंबईत डुंगरवाडीला मृतदेह गिधाडांना देण्याची त्यांची रीत, कारण अग्नी, जल आणि पृथ्वी ही तिन्ही पवित्र आणि ती विटाळायची नाहीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे, म्हणजे आपण सांधेदुखीला घेतो त्याच औषधामुळे, मेलेली गुरे खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. गुरांसाठी ते औषध भारतात २००६ मध्ये बंद झाले. तोवर हजारो वर्षांच्या एका आचाराचा कणाच मोडला होता. असो, विषयांतर झाले. वारांचे म्हणाल तर पारशी पंचांगात महिन्याच्या तीसही दिवसांना आपापले दैवी नाव आहे. आठवड्याचा एकच पवित्र वार असा नाही. शीख आणि बौद्ध यांच्याकडेही तो नाही. बौद्धांचा उपोसथ चंद्राच्या कलांवर चालतो.

आणि आपला? आपल्या धर्माला एक संस्थापक नाही, तसा एक वारही नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. ज्याचा जो कुलाचार तो त्याने पाळावा. खरे तर वार ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा रुळली. वार नोंदवलेल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मध्य प्रदेशात एरणला आहे, इसवी सन ४८४ चा. त्याच्या कितीतरी आधीपासून आपण चालतो ते तिथीवर. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. आपला देव आठवड्याला येत नाही, आकाश पाहून येतो. ज्यूंचे पंचांगही असेच सूर्य-चंद्राचा मेळ घालते. आपण अधिक मास घालतो तसे तेही एकोणीस वर्षांत सात वेळा जास्तीचा महिना घालतात. म्हणून त्यांचे सण आणि आपले सण ऋतू सोडत नाहीत, आणि अधिक महिना न मानणारा रमझान मात्र दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतो.

इथे आल्यावर आपल्या तिथीचे काय झाले, ते आपण सगळे जाणतो. २०२५ साली गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. घरात मूर्ती बसली ती बुधवारी, कामावरून आल्यावर. मंडळांचे कार्यक्रम मात्र शनिवार-रविवारी. सत्यनारायण रविवारी, बालविहार रविवारी, हळदीकुंकूही रविवारी. देशात देवळात माणूस एकटा जातो, घंटा वाजवतो, प्रदक्षिणा घालतो आणि परत येतो. इथे आपण ठरल्या वेळी जमतो, खुर्च्यांवर बसतो, सूचना ऐकतो आणि नंतर एकत्र जेवतो. नकळत आपण रविवारचे हिंदू झालो. मला यात वाईट काही वाटत नाही. एकत्र बसून जेवणे हा तर आपल्या परंपरेला झालेला लाभ आहे. पण बॉनहॅमने डनहॅमना विचारले तसे आपल्या मुलांनी विचारले, "आई, चतुर्थी बुधवारी होती, मग आरती शनिवारी का?", तर "सगळे दिवस सारखेच" एवढेच उत्तर आपल्यापाशी नसावे. तिथी काय, ती का, आणि आपण ती का पुढे ढकलली, हे त्यांना खरेखरे सांगावे. बुधवारी पाच मिनिटे का होईना, घरात दिवा लावून सगळ्यांनी उभे राहावे. शनवार तेल्यांनी एवढेच तर केले.

आता शब्बाथचे ते दुसरे कारण. चाकराला विसावा. इतर धर्मांची ओळख करून घेताना मला स्वतःच्या धर्माला विचारावासा वाटलेला हा प्रश्न आहे. पोळ्याला आपण बैलाला विसावा देतो, त्याच्या शिंगांना रंग देतो, पुरणपोळी खाऊ घालतो. बैल हाकणाऱ्या गड्याला आठवड्याला विसावा कुणी दिला? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून झगडावे लागले. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीचे एक कारण होते असे सांगतात. गिरणीमालकाच्या रविवारला जेजुरीचा भंडारा लावून त्यांनी कामगारासाठी विसावा मिळवला.

आणि ज्यांच्यासाठी देवळाचे दारच बंद होते, त्यांनी तुलना केली ती हौसेखातर नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षे त्यांनी धर्मांचा विचार केला. प्रत्येक धर्माला त्यांचा प्रश्न होता, की हा माणसाला माणूस म्हणून वागवतो का. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. तो दिवस विजयादशमीचा होता. आपण त्या तिथीला सोने वाटतो, त्यांनी त्याच तिथीला घर सोडले. आपल्या स्मरणिकांत संतांविषयी पुष्कळ छापून येते, या दिवसाविषयी सहसा येत नाही. मुलांच्या तक्त्यात बौद्ध धर्माची ओळ भरताना सिद्धार्थ गौतम लिहून आपण पुढे जातो. महाराष्ट्रातले इतके लोक आपल्याच काळात त्या ओळीत का गेले, हे विचारायला जर घरातले मूल धजावले तर तक्त्यापेक्षा मोठा धडा तिथे सुरू होईल. उत्तर देताना आपल्याला अवघड वाटेल. वाटू द्यावे.

धर्मांच्या तुलनेचे रीतसर शिक्षण घेतलेला एक थोर मराठी माणूस होऊन गेला, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचे. प्रार्थना समाजामार्फत ते १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासाला गेले, दोन वर्षांनी परतले. एवढे शिकून आलेल्या माणसाने जन्मभर व्याख्याने दिली असती तरी लोकांनी डोक्यावर घेतले असते. त्यांनी १९०६ साली मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले आणि परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे पुण्यात ते सहकुटुंब त्या वस्तीजवळ राहिले. जगातले धर्म पाहून आलेला माणूस घरी येऊन नेमक्या कुठल्या दुखण्यावर बोट ठेवतो, हे मला फार बोलके वाटते.

म्हणून उत्सव समितीला एक विनंती आहे. आपण दरवर्षी शाळेचा हॉल भाड्याने घेतो. तिथे सकाळी दार उघडणारे आणि रात्री आपण गेल्यावर अक्षता, फुलांच्या पाकळ्या आणि सांडलेला वरण-भात झाडणारे कस्टोडियन असतात. बरेचजण मध्य किंवा दक्षिण अमेरिकेतून आलेले कॅथलिक असतात आणि आपल्या रविवारपायी त्यांचा रविवार जातो. यंदा महाप्रसादाच्या पंगतीचे पहिले ताट त्यांना वाढावे, मोदकासह, आणि बसवून वाढावे. हॉल झाडायला आपल्या तरुण मुलांची एक तुकडी थांबवावी, म्हणजे त्या लोकांना संध्याकाळी घरी लवकर जाता येईल. तुकडीत माझे नाव घाला. झाडू मला चांगला येतो.